मेंदूतल्या 'बाकीच्या' पेशी: ग्लिया, सिनॅप्स आणि बेन बॅरेस यांचं आयुष्यभराचं काम

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट एकामागोमाग सापडायला लागले, आकडा दोनशेच्या वर गेला, आणि तेव्हा प्रत्येक बातमीत, प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाक्य फिरत होतं की या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या नसांवर हल्ला करते आणि नसांवरचं आवरण खराब होतं. वाक्य बरोबरच होतं (काही पेशंटमध्ये आवरणाऐवजी थेट आतल्या तंतूवर हल्ला होतो, पण ते असो). पण हे आवरण आलं कुठून, ते बनवतं कोण, आणि बरा होणारा पेशंट हळूहळू चालायला लागतो तेव्हा ते पुन्हा कोण घालतं, हे कुठेच वाचायला मिळालं नाही.

ते आवरण घालतात श्वान पेशी. त्या जिवंत पेशी आहेत, नसेच्या तंतूभोवती स्वतःला गुंडाळून घेतात आणि नसेला इजा झाली की दुरुस्तीच्या कामाला लागतात. या पेशी ज्या मोठ्या कुळातल्या आहेत त्या कुळाचं नाव ग्लिया. आपल्या मेंदूतल्या जवळजवळ निम्म्या पेशी या कुळातल्या आहेत, आणि तरी शाळेच्या पुस्तकात मेंदू म्हटलं की फक्त न्यूरॉनचं चित्र असतं. ही चूक फक्त शाळेच्या पुस्तकांची नाही, शंभर-सव्वाशे वर्षं शास्त्रज्ञांचंही बरंचसं असंच होतं. ते बदलण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे त्या बेन बॅरेस या अमेरिकन न्यूरोसायंटिस्टच्या कामाबद्दल मला मनापासून लिहायचं होतं, कारण त्यांचं काम समजलं की अल्झायमर, स्किझोफ्रेनिया, काचबिंदू असल्या आजारांच्या बातम्या वाचताना डोक्यात बरंच काही जागेवर बसतं.

आधी थोडी ओळख

न्यूरॉन म्हणजे संदेश पाठवणारी पेशी, हे आपल्याला माहीत असतं. एक न्यूरॉन जिथे दुसऱ्या न्यूरॉनला संदेश देतो त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. तिथे दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मधे अगदी बारीक फट असते, एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी. एका बाजूने रसायन सुटतं, फट ओलांडतं, दुसऱ्या बाजूला ते पकडणारी प्रथिनं असतात ती पकडतात, आणि संदेश पुढे जातो. आठवण, सवय, शिकलेलं कौशल्य, हे सगळं शेवटी कुठले सिनॅप्स आहेत, किती घट्ट आहेत आणि कुठले गेले यावर अवलंबून असतं.

ग्लियाचे मेंदूत मुख्य तीन प्रकार. ऑलिगोडेंड्रोसाइट न्यूरॉनच्या लांब तंतूवर मायलिन नावाचं आवरण घालतात (श्वान पेशी हेच काम मेंदूबाहेर हातापायांच्या नसांमध्ये करतात). मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतल्या संरक्षक पेशी, सतत फिरत्या फांद्यांनी आजूबाजूचा परिसर चाचपत असतात, घाण आणि मेलेल्या पेशी खाऊन टाकतात. आणि तिसऱ्या अ‍ॅस्ट्रोसाइट, ज्यांच्याभोवती आजचा जास्तीत जास्त लेख फिरणार आहे. यांना असंख्य बारीक फांद्या असतात आणि त्या फांद्यांची टोकं सिनॅप्सना अक्षरशः वेढून बसलेली असतात. माणसाच्या मेंदूतली एक अ‍ॅस्ट्रोसाइट वीस लाखांपर्यंत सिनॅप्सना स्पर्श करते असा अंदाज आहे, उंदरात हा आकडा फार तर लाख-सव्वा लाखाच्या घरात जातो.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. ग्लिया न्यूरॉनच्या दहापट असतात असं अजूनही खूप ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूचं ऊतक विरघळवून त्यातली पेशीकेंद्रकं मोजायची पद्धत काढली आणि २००९ मध्ये जे आकडे दिले ते असे: साधारण ८,६०० कोटी न्यूरॉन आणि ८,५०० कोटीच्या आसपास बाकीच्या पेशी. म्हणजे जवळपास बरोबरी.

मग इतकी वर्षं कुणाचं लक्ष का नाही गेलं

लक्ष गेलं होतं, पण महत्त्व कळलं नव्हतं. जर्मनीचे रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५० च्या दशकातच न्यूरॉनच्या मधल्या जागेत काहीतरी आहे हे सांगितलं होतं, पण त्यांना ते न्यूरॉनना जागेवर धरून ठेवणारं भरण वाटलं. पुढे स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल आणि त्यांच्याच देशाचे पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी अतिशय सुंदर रंगवून दाखवल्या, मायक्रोग्लिया ही वेगळी जात आहे हे ओर्तेगांनी १९१९ मध्ये दाखवलं. पण दिसणं वेगळं आणि करतात काय हे कळणं वेगळं.

कारण सरळ आहे. विसाव्या शतकात मेंदूचा अभ्यास मुख्यतः विजेवर चालला, पेशीत बारीक इलेक्ट्रोड घालायचा आणि तिच्यातून विजेचा ठोका येतो का बघायचं. न्यूरॉनमधून तो यायचा. ग्लियामधून यायचा नाही. ज्या यंत्राने ऐकतोय त्या यंत्राला एक पेशी गप्प वाटली की ती काही करतच नाही असं धरलं गेलं, आणि मग पुढच्या पिढीने ते पुस्तकात वाचलं आणि त्याच्या पुढच्या पिढीने ते शिकवलं.

आणखी एक अडचण होती आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची. एखादी गोष्ट काय काम करते हे कळायला ती काढून घेऊन बघावं लागतं. पण ग्लिया काढून टाकल्या की डिशमधले न्यूरॉन मरायचे. मग ग्लियाशिवाय न्यूरॉन कसे वागतात, हा प्रश्न विचारायचीच सोय नव्हती.

न्यूरॉलॉजी सोडून पुन्हा विद्यार्थी

बेन बॅरेस यांचा जन्म १९५४ चा, न्यू जर्सीतला. जन्माच्या वेळी नाव बार्बरा होतं आणि १९९७ पर्यंत ते त्याच नावाने ओळखले जात होते, त्याबद्दल पुढे लिहितोच. एमआयटीतून पदवी, मग डार्टमथमधून डॉक्टरकी, मग न्यूयॉर्कमध्ये न्यूरॉलॉजीचं प्रशिक्षण. इथपर्यंत सगळं व्यवस्थित चाललेलं होतं, पुढे न्यूरॉलॉजिस्ट म्हणून आयुष्य काढता आलं असतं.

पण मेंदू झिजण्याच्या आजारांवर द्यायला हातात काही नाही हे त्यांना खुपत होतं, आणि त्या पेशंटच्या मेंदूचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली बघताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती, की जिथे न्यूरॉन खराब झालेत तिथल्या ग्लियाही विचित्र दिसतात. का, हे विचारलं तर उत्तर कुणाकडेच नव्हतं. तर या माणसाने डॉक्टरकी असताना पुन्हा पीएचडीला प्रवेश घेतला, हार्वर्डला, डेव्हिड कोरी यांच्याकडे, आणि १९९० मध्ये ती पूर्ण केली. मग लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये मार्टिन राफ यांच्याकडे काम, आणि १९९३ मध्ये स्टॅनफर्डमध्ये स्वतःची लॅब. म्हणजे स्वतःची लॅब सुरू झाली तेव्हा वय चाळिशीला टेकलेलं. आपल्याकडे घरच्यांनी काय काय ऐकवलं असतं याची कल्पना करू शकता.

शुद्ध पेशी वेगळ्या काढायची युक्ती

बॅरेस यांच्या सगळ्या शोधांच्या मुळाशी एक पद्धत आहे, आणि तिला मिळायला हवं तेवढं श्रेय मिळत नाही असं मला वाटतं. प्रत्येक जातीच्या पेशीच्या पृष्ठभागावर काही खास प्रथिनं असतात. त्या प्रथिनाला चिकटणारी अँटीबॉडी डिशच्या तळाला लावायची, वरून मेंदूतल्या किंवा डोळ्याच्या पडद्यातल्या सगळ्या पेशींचं मिश्रण ओतायचं, हवी ती पेशी तळाला चिकटते, बाकीच्या धुवून टाकायच्या. याला इम्युनोपॅनिंग म्हणतात. ऐकायला सोपं आहे पण प्रत्येक जातीसाठी ते बसवायला वर्षं लागतात.

पीएचडीच्या काळातच त्यांनी उंदराच्या जातीतल्या मोठ्या प्राण्याच्या, रॅटच्या, डोळ्याच्या पडद्यातले न्यूरॉन अशा प्रकारे शुद्ध काढले होते. स्टॅनफर्डला गेल्यावर त्यांच्या लॅबने दुसरा अर्धा प्रश्न सोडवला, म्हणजे ग्लिया नसताना हे न्यूरॉन जिवंत ठेवायला नेमकी कुठली वाढीची द्रव्यं लागतात ते एकेक करून शोधलं आणि त्यांचं ठराविक मिश्रण तयार केलं. आता पहिल्यांदाच एका डिशमध्ये नुसते न्यूरॉन, शेजारच्या डिशमध्ये न्यूरॉन अधिक ग्लिया, असं बघता येणार होतं.

फ्रँक फ्रीगर यांनी बॅरेस यांच्या लॅबमध्ये हे केलं आणि १९९७ मध्ये निकाल छापला. नुसत्या डिशमधले न्यूरॉन तब्येतीने ठणठणीत होते, विजेचा ठोकाही व्यवस्थित देत होते, पण एकमेकांशी जवळजवळ बोलतच नव्हते. ग्लिया घातल्या तर सिनॅप्समधून आपोआप होणारी देवाणघेवाण सत्तर पटीने वाढली आणि प्रत्येक संदेशाचा जोर पाचपट झाला. सत्तर पट! एवढा फरक ज्या पेशींमुळे पडतो त्यांना आपण नुसतं भरण समजत होतो.

मग पुढचा प्रश्न, जे सिनॅप्स आहेत ते सुधारले की नवीन तयार झाले? २००१ मध्ये एरिक उलियन आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं की दोन्ही. अ‍ॅस्ट्रोसाइट असतील तर पक्क्या, काम करणाऱ्या सिनॅप्सची संख्या सातपट होते, आणि नंतर त्या काढून घेतल्या तर झालेले सिनॅप्स टिकत नाहीत. त्याच पेपरमध्ये एक गोष्ट जिवंत प्राण्याच्या मेंदूतली होती जी मला फार बोलकी वाटते: न्यूरॉनचे तंतू आपल्या ठिकाणी आधीच पोचलेले असतात, पण बहुतेक सिनॅप्स तयार होतात ते त्या भागात ग्लिया वाढायला लागल्यावर. म्हणजे दोन्ही न्यूरॉन समोरासमोर येऊनसुद्धा जोडणी थांबलेली असते.

झाले पण मुके

आता ग्लिया नेमकं देतात काय? कारण अ‍ॅस्ट्रोसाइट ज्या पाण्यात वाढवल्या ते पाणी नुसतं न्यूरॉनवर घातलं तरी परिणाम होत होता, म्हणजे त्या काहीतरी सोडतायत. २००५ मध्ये कॅरन क्रिस्टोफरसन, एरिक उलियन आणि मंडळींनी पहिलं नाव काढलं, थ्रॉम्बोस्पॉन्डिन. हे प्रथिन रक्त गोठण्याच्या संदर्भात आधीच माहीत होतं, मेंदूत त्याचं काम निघालं सिनॅप्सची रचना उभी करणं.

पण गंमत अशी झाली की थ्रॉम्बोस्पॉन्डिनने बनलेले सिनॅप्स इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अगदी नेहमीसारखे दिसायचे, आणि तरी मुके. रसायन सुटायचं, पण पलीकडे ते पकडणारी प्रथिनं पृष्ठभागावर आलेलीच नसायची. म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाइट अजून काहीतरी सोडतायत जे सिनॅप्सला बोलतं करतं. ते शोधायला आणखी सात वर्षं गेली. २०१२ मध्ये निकोला अ‍ॅलन यांनी ग्लिपिकन नावाच्या प्रथिनांच्या कुळातले दोन सदस्य दाखवले, जे ती पकडणारी प्रथिनं पृष्ठभागावर आणतात. रचना उभी करणारा वेगळा, तिच्यात जीव आणणारा वेगळा, आणि दोन्ही एकाच अ‍ॅस्ट्रोसाइटकडून. इतकं बारीक काम एका लॅबने इतक्या चिकाटीने इतकी वर्षं करत राहणं, यासाठी मला या माणसाबद्दल खरंच आदर वाटतो.

नांग्या भरणं आणि विरळणी

इथपर्यंत ग्लिया सिनॅप्स बनवतात हे झालं. पण त्या सिनॅप्स काढूनही टाकतात, आणि हे ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो. आपल्या मेंदूत लहानपणी गरजेपेक्षा कितीतरी जास्त सिनॅप्स तयार होतात आणि मग त्यातले बरेचसे कमी केले जातात.

ज्यांनी शेती बघितलीय त्यांना यात नवल वाटणार नाही. पेरणीनंतर जिथे बी उगवलं नाही तिथे आपण नांग्या भरतो, आणि जिथे रोपं दाट झाली तिथे विरळणी करतो, चांगली रोपंसुद्धा उपटून टाकतो, कारण नाही उपटली तर सगळीच खुरटतात. शेतात फक्त पिकाकडे बघणाऱ्याला वाटेल की ओळी आपोआप इतक्या नीट आल्या. मेंदूत हे दोन्ही हात ग्लियाचे आहेत, आणि विरळणी कमी झाली तरी वाईट, जास्त झाली तरी वाईट, चुकीच्या वेळी झाली तर सगळ्यात वाईट.

मेंदूतली ही विरळणी कशी होते त्याचा पहिला धागा २००७ मध्ये बेथ स्टीव्हन्स यांना मिळाला, त्याही तेव्हा बॅरेस यांच्याच लॅबमध्ये होत्या. आपल्या रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची साखळी असते, ती जंतूंवर खूण करते की याला खाऊन टाका. त्यातलं पहिलं प्रथिन सी-वन-क्यू. स्टीव्हन्स यांना दिसलं की वाढत्या मेंदूत हेच प्रथिन सिनॅप्सवर जाऊन बसतंय, जिथे जंतूंचा संबंधच नाही. ज्या उंदरांमध्ये ही साखळी बंद केली त्यांच्यात दोन डोळ्यांकडून येणाऱ्या तंतूंची जास्तीची जोडणी नीट कमी झालीच नाही. पुढे २०१२ मध्ये स्टीव्हन्स यांच्या स्वतःच्या लॅबने मायक्रोग्लिया हे सिनॅप्स प्रत्यक्ष खाताना दाखवल्या, आणि २०१३ मध्ये बॅरेस यांच्याकडे वॉन-सुक चुंग यांनी दाखवलं की अ‍ॅस्ट्रोसाइटसुद्धा खातात, स्वतःची वेगळी यंत्रणा वापरून, आणि मोठ्या वयाच्या मेंदूतही खातात.

याचा आजारांशी काय संबंध

जी यंत्रणा लहानपणी उपयोगी आहे ती म्हातारपणी पुन्हा चालू झाली तर? हा प्रश्न २००७ च्या पेपरमध्येच होता, कारण त्यांनी काचबिंदू होणारे उंदीरही तपासले होते आणि त्यांच्या डोळ्याच्या पडद्यात न्यूरॉन मरायच्या आधीच सी-वन-क्यू सिनॅप्सवर यायला लागलेलं होतं. २०१६ मध्ये स्टीव्हन्स यांच्या लॅबने अल्झायमरच्या उंदरांमध्येही असंच दाखवलं, मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे साठे जमायच्या आधी सिनॅप्स जायला लागतात आणि सी-वन-क्यू अडवलं तर ते वाचतात. त्याच वर्षी हार्वर्डच्या स्टीव्हन मॅकॅरोल यांच्या गटाने स्किझोफ्रेनियाच्या हजारो पेशंटच्या जनुकांचा अभ्यास करून दाखवलं की याच साखळीतलं सी-फोर प्रथिन जास्त बनवणारे जनुकांचे प्रकार ज्यांच्यात आहेत त्यांना धोका थोडा जास्त असतो. स्किझोफ्रेनिया साधारण कुठल्या वयात सुरू होतो आठवा, सोळा-सतरा ते पंचविशीच्या आसपास, आणि मेंदूच्या पुढच्या भागातली विरळणीही त्याच काळात चाललेली असते. याने सगळं उलगडलं असं नाही, पण आई-वडिलांच्या संगोपनाला किंवा कुणाच्या नजरेला दोष देणाऱ्या आपल्या समाजात हे माहीत असणं मला फार गरजेचं वाटतं.

सी-वन-क्यू अडवणारी औषधं बनवायला बॅरेस यांनी २०११ मध्ये अ‍ॅनेक्सॉन नावाची कंपनी सुरू करण्यात भाग घेतला. या कंपनीच्या एका औषधाची तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली ती कुठल्या आजारात? जीबीएसमध्ये, बांगलादेश आणि फिलिपिन्समधल्या पेशंटवर, आणि २०२४ मध्ये जाहीर झालेले निकाल चांगले होते, आठव्या आठवड्याला औषध घेतलेल्या पेशंटची हालचाल जास्त सुधारलेली होती. जीबीएसचे नेहमीचे उपचार आयव्हीआयजी (शिरेतून दिल्या जाणाऱ्या अँटीबॉडी) आणि प्लाझ्मा बदलणं हेच आहेत, पेशंट दाखल झाला की तेच वेळेत व्हायला हवेत. पण मेंदूतल्या सिनॅप्सच्या अभ्यासातून निघालेली वाट पायांच्या नसांपर्यंत पोचली हे सांगण्यासारखं आहे.

"हे सगळं डिशमधलं आणि उंदरातलं, माणसाचं काय?"

शंका रास्त आहे. बऱ्याचशा गोष्टी उंदीर आणि रॅटमध्येच बघितल्या गेल्यात, आणि उंदरात बरा झालेला अल्झायमर माणसात बरा न झाल्याची उदाहरणं ढिगाने आहेत. पण २०१६ मध्ये बॅरेस यांच्या लॅबने माणसाच्या मेंदूच्या ऊतकातून अ‍ॅस्ट्रोसाइट शुद्ध वेगळ्या काढल्या आणि त्याही न्यूरॉनना सिनॅप्स बनवायला लावतात हे दाखवलं. माणसाच्या अ‍ॅस्ट्रोसाइट उंदराच्यापेक्षा आकाराने खूप मोठ्या असतात आणि त्यांच्यात चालू असणारी काही जनुकं वेगळी असतात. त्यामुळे मूळ तत्त्व लागू आहे, औषधाचा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी माणसातल्या चाचणीनेच सुटणार.

"म्हणजे ग्लिया विचार करतात?"

इथे जरा जपून. १९९० पासून हे माहीत आहे की अ‍ॅस्ट्रोसाइटच्या आत कॅल्शियमच्या लाटा फिरतात, न्यूरॉनच्या कामाला त्या प्रतिसाद देतात, आणि यावरून काहींनी मांडलं की सिनॅप्स दोन पेशींचा नसून तिघांचा असतो. पण अ‍ॅस्ट्रोसाइट स्वतः रसायन सोडून क्षणोक्षणीच्या संदेशात भाग घेतात का, यावर शास्त्रज्ञांमध्ये वर्षानुवर्षं कडाक्याचं भांडण आहे, एका गटाने दाखवायचं आणि दुसऱ्याने जनुक बंद केलेल्या उंदरात ते दिसत नाही म्हणायचं. बॅरेस यांचं काम या भांडणावर अवलंबून नाही हे लक्षात घ्या. सिनॅप्स बनणं, बोलके होणं, काढले जाणं, हे ग्लियाच्या हातात आहे एवढं तरी त्यांच्या आणि इतरांच्या प्रयोगांनी पक्कं झालंय. "ग्लियाची शक्ती जागवा" म्हणून कुणी गोळ्या किंवा कोर्स विकत असेल तर पैसे जपून ठेवा.

"एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ग्लिओसिस लिहिलंय"

हा शब्द वाचून घरोघरी लोक घाबरतात. मेंदूला कुठेही इजा झाली, जुना स्ट्रोक, मार, जंतुसंसर्ग, की तिथल्या अ‍ॅस्ट्रोसाइट फुगतात, वाढतात आणि त्या जागेभोवती कुंपण घालतात. त्याचा डाग स्कॅनमध्ये दिसतो, तो ग्लिओसिस. वय झालेल्या माणसात बारीकसारीक डाग असणं खूप सामान्य आहे. हा ट्यूमर नाही. ट्यूमर वेगळा, ग्लियाच्या कुळातल्या पेशींचा कॅन्सर होतो त्याला ग्लिओमा म्हणतात, आणि दोन शब्द सारखे दिसतात म्हणून गोंधळ होतो. डाग कशामुळे आलाय ते मात्र डॉक्टरांना विचाराच, कारण त्याच्यावर पुढचं सगळं ठरतं.

अशा चिडलेल्या अ‍ॅस्ट्रोसाइट चांगल्या की वाईट, याच्यावरच बॅरेस यांच्या लॅबचा शेवटचा मोठा पेपर होता, २०१७ मधला, शेन लिडेलो यांचा. मायक्रोग्लिया भडकल्या की त्या तीन द्रव्यं सोडतात (त्यात पुन्हा सी-वन-क्यू आहेच) आणि त्यामुळे काही अ‍ॅस्ट्रोसाइट आपलं सिनॅप्स जपायचं काम सोडून देतात आणि उलट न्यूरॉन मारणारं काहीतरी सोडायला लागतात. अल्झायमर, पार्किन्सन, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) अशा आजारांनी गेलेल्या माणसांच्या मेंदूत या पेशी सापडल्या. तेव्हा त्यांना ए-वन आणि उपयोगी असणाऱ्यांना ए-टू म्हटलं गेलं, पण २०२१ पर्यंत या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांनी मिळून सांगितलं की अशी दोनच खोकी करू नका, अवस्था खूप आहेत. मला हे बरोबर वाटतं, आणि त्याने मूळ शोधाची किंमत कमी होत नाही.

"मला गॅबापेंटिन चालू आहे, बंद करू का?"

हा प्रश्न येतो कारण २००९ मध्ये चाग्ला एरोग्लू यांनी दाखवलं की थ्रॉम्बोस्पॉन्डिन न्यूरॉनवरच्या ज्या जागेला चिकटतं, तीच जागा गॅबापेंटिनची आहे, आणि हे औषध उंदरात नवीन सिनॅप्स बनण्याला अडथळा आणतं. डायबिटीसमुळे पायांची आग होणाऱ्या किंवा नस दबलेल्या कितीतरी पेशंटना आपल्याकडे गॅबापेंटिन किंवा प्रिगॅबालिन दिलं जातं. त्याच अभ्यासात आधीपासून असलेल्या सिनॅप्सना धक्का लागला नव्हता हेही तेवढंच महत्त्वाचं. औषध मनाने बंद करू नका, ही औषधं अचानक थांबवली तर त्रास होतो, फिट येऊ शकते. पोटात बाळ असेल किंवा ठरवत असाल तर मात्र डॉक्टरांशी यावर बोलून घ्या.

माणूस म्हणून

बॅरेस एमआयटीत शिकताना वर्गात जवळपास सगळे मुलगेच होते, आणि एक अवघड गणित फक्त यांनी सोडवलं तर शिक्षक म्हणाले की तुझ्या बॉयफ्रेंडने करून दिलं असणार. १९९७ मध्ये त्यांनी पुरुष म्हणून जगायला सुरुवात केली. काही काळाने एका व्याख्यानानंतर एका शास्त्रज्ञाने म्हटलं की बेनचं काम त्याच्या बहिणीपेक्षा कितीतरी चांगलं आहे. बहीण म्हणजे तेच, आधीच्या नावाने. २००५ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष लॅरी समर्स यांनी विज्ञानात बायका कमी असण्यामागे जन्मजात क्षमतेचा फरक असू शकतो असं सुचवलं, तेव्हा २००६ मध्ये बॅरेस यांनी नेचर या विज्ञान नियतकालिकात लेख लिहून हे स्वतःचे अनुभव मांडले आणि पुरावे देऊन उत्तर दिलं. एकाच माणसाने, त्याच मेंदूने, दोन्ही बाजूंनी वागणूक भोगलेली असताना त्याला कुणी खोडून काय काढणार? २०१३ मध्ये ते अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसचे सदस्य झाले, उघडपणे ट्रान्सजेंडर असलेले पहिले.

त्यांची आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक पीएचडी गाइडने वाचावी. लॅब सोडून जाणाऱ्या संशोधकाला आपला विषय सोबत न्यायची पूर्ण मुभा असली पाहिजे, जुन्या बॉसने त्याच विषयावर त्याच्याशी स्पर्धा करू नये, यासाठी ते भांडले, आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरने आजारी असताना २०१७ मध्ये त्यावर लिहिलंही. त्याच वर्षी २७ डिसेंबरला ते गेले, वय ६३.

त्यांच्याकडून विषय घेऊन गेलेली माणसं आज बोस्टन, ड्यूक, सॉल्क इन्स्टिट्यूट, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी, कोरियाचं केएआयएसटी अशा ठिकाणी स्वतःच्या लॅब चालवतायत. कोरियात वॉन-सुक चुंग यांच्या लॅबने मोठ्या वयाच्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी साठवायला लागणाऱ्या भागात, अ‍ॅस्ट्रोसाइटची सिनॅप्स खायची यंत्रणा बंद करून बघितली. सिनॅप्स वाढले, पण उंदरांची स्मरणशक्ती सुधारायच्या ऐवजी बिघडली. आता प्रश्न हा आहे की एकाच भागात मायक्रोग्लिया कुठले सिनॅप्स उचलतात आणि अ‍ॅस्ट्रोसाइट कुठले, आणि ज्याला हात लावायचा नाही तो त्यांना कसा ओळखू येतो. "मला खाऊ नका" अशी खूण करणारं सीडी-४७ नावाचं एक प्रथिन स्टीव्हन्स यांच्या लॅबने २०१८ मध्ये दाखवलंय, मायक्रोग्लिया त्या खुणेचे सिनॅप्स सोडून देतात. अल्झायमरवर याचा उपयोग करायचा तर जास्तीची विरळणी थांबवायची आणि गरजेची चालू ठेवायची, अशी नेमकी मात्रा सापडायला हवी.